२०९ छेद २८८०

१९८५ साली ‘फिजिक्स लेटर्स’मध्ये मोजक्या पानांचा एक शोधनिबंध आला. मार्क गोरॉफ आणि ऑगुस्तो सान्योत्ती हे दोघे तरुण त्याचे लेखक. कागदावर माणसाच्या हातून सुटणं अशक्य, एवढं अवाढव्य बीजगणित त्यांनी संगणकाकडून करवून घेतलं होतं. शेवटी हाती आला तो एक अपूर्णांक: २०९ छेद २८८०.

हा आकडा शून्य आला असता, तर आइन्स्टाइनचं गुरुत्वाकर्षण आहे तसंच क्वांटम सिद्धांतात बसेल ही आशा आणखी काही वर्षं तगली असती. आकडा शून्य आला नाही. अपूर्णांक दिसायला किरकोळ होता, पण त्याला जोडलेला गुणक अनंत होता.

या अनंताचा पाठलाग त्याआधी पंचावन्न वर्षं सुरू होता. १९३० मध्ये झ्युरिकला पाउलीच्या हाताखाली काम करणाऱ्या लेऑन रोझेनफेल्डनं प्रश्न टाकला, की प्रकाशाच्या एका कणाला स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणामुळे किती ऊर्जा मिळते? क्वांटम सिद्धांतात असं उत्तर काढताना सगळ्या तरंगलांबींचा वाटा बेरजेत धरावा लागतो. तरंगलांबी जितकी आखूड तितकी ऊर्जा जास्त, आणि आखूडपणाला खालची सीमाच नाही. बेरीज अनंत आली. त्याच वर्षी ओपेनहायमरनं इलेक्ट्रॉन आणि त्याचं विद्युतक्षेत्र घेऊन असाच हिशेब केला. त्यातून निघालं, की वर्णपटातल्या रेषा त्यांच्या जागेवरून अनंत सरकायला हव्यात. म्हणजे त्या दिसायलाच नकोत. त्या तर रोज प्रयोगशाळेत दिसत होत्या.

रोझेनफेल्डला हिशेबातली अडचण दिसली. ती हिशेबाच्या खाली, पायातच आहे हे पहिल्यांदा ओळखलं ते लेनिनग्राडच्या मात्वेई ब्रॉन्स्टाइननं. हा माणूस विलक्षण होता. मुलांसाठी विज्ञानाची पुस्तकं लिहायचा, आणि गुरुत्वलहरींचं क्वांटम गणित करायचा. १९३६ मध्ये त्यानं साधा वाटणारा मुद्दा मांडला. एखाद्या चिमुकल्या जागेतलं क्षेत्र अचूक मोजायचं तर तिथं एक परीक्षावस्तू ठेवावी लागते. मोजताना ती धक्क्यानं हलू नये म्हणून ती जड हवी. विद्युतक्षेत्रात याला अडकाठी नाही, वस्तू हवी तेवढी जड करा. गुरुत्वाकर्षणात मात्र वस्तू ठरावीक मर्यादेपलीकडे जड केली की तिची गुरुत्वीय त्रिज्या तिच्या आकारापेक्षा मोठी होते, आणि मोजमापाचा प्रश्नच निकालात निघतो. आजच्या भाषेत, मोजपट्टीचंच कृष्णविवर होतं. ब्रॉन्स्टाइननं निष्कर्ष काढला, की इथं स्थळ-काळाच्या नेहमीच्या कल्पना बहुधा सोडून द्याव्या लागतील आणि त्यांच्या जागी काहीतरी खोल आणावं लागेल.

ते काय, हे शोधायला त्याला सवड मिळाली नाही. ऑगस्ट १९३७ मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी त्याला उचललं आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये गोळ्या घातल्या. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. त्याची पत्नी लिडिया चुकोव्हस्काया हिला सांगण्यात आलं, की त्याला पत्रव्यवहाराच्या हक्काविना दहा वर्षांची कैद झाली आहे. त्या काळात या वाक्याचा अर्थ काय, हे हळूहळू सगळ्यांनाच कळलं. त्याचा मुद्दाही अनेक वर्षं विस्मरणात पडून राहिला. पुढं जे जे झालं त्याची अर्धी बीजं त्या एका निबंधात होती, असं माझं मत आहे.

इलेक्ट्रॉनच्या अनंतावर तोड निघाली ती युद्धानंतर. जून १९४७ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर आयलंडवर दोन डझनांच्या आसपास शास्त्रज्ञ जमले. तिथं विलिस लॅम्बनं हायड्रोजनच्या दोन ऊर्जापातळ्यांमधला बारीकसा फरक मोजल्याचं सांगितलं. परिषदेहून परतताना हान्स बेथंनं आगगाडीतच त्या फरकाचा हिशेब मांडला आणि उत्तर जवळपास जुळलं. अनंताचं काय केलं? किराणा दुकानात तेल घ्यायला भांडं नेलं की दुकानदार आधी रिकाम्या भांड्याचा धडा करतो. भांडं किती जड याच्याशी त्याला कर्तव्य नसतं, दोन्ही पारडी समतोल झाली की नंतर ओतलेलं तेल तेवढं मोजायचं. बेथंनं तेच केलं. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान प्रयोगात मोजून मिळतंच, तेव्हा हिशेबातला अनंत भाग त्या मोजलेल्या वस्तुमानात जमा धरायचा आणि उरलेला सांत फरक तेवढा पाहायचा. श्विंगर, फाइनमन, तोमोनागा आणि डायसन यांनी या युक्तीचं पक्कं शास्त्र केलं. त्याला रीनॉर्मलायझेशन म्हणतात. विजेच्या सिद्धांतात वस्तुमान आणि विद्युतभार अशा दोनच गोष्टींचा धडा करावा लागतो. एकदा तो केला की बाकी सारं भाकीत करता येतं. इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय गुणाचं भाकीत आज दशांश चिन्हापुढं अकरा-बारा स्थळांपर्यंत प्रयोगाशी जुळतं. डिरॅकला ही युक्ती शेवटपर्यंत पटली नाही. फाइनमनही स्वतःच्या नोबेलच्या कामाबद्दल फारसं आदरानं बोलायचा नाही.

मग हाच धडा गुरुत्वाकर्षणाचा का करता येऊ नये?

अडचण न्यूटनच्या स्थिरांकात आहे. विद्युतभाराची ताकद ही निव्वळ संख्या असते, तिला एकक नसतं. न्यूटनच्या स्थिरांकाला मात्र एकक आहे, आणि ते प्रकाशवेग व प्लांकच्या स्थिरांकाशी जोडलं की एक लांबी मिळते: मीटरच्या दशांश चिन्हानंतर चौतीस शून्यं आणि मग १६. या प्लांक लांबीच्या आसपास जाणाऱ्या ऊर्जेला गुरुत्वाकर्षण क्षीण राहत नाही. फाइनमनच्या आकृत्यांत कण स्वतःशीच फिरून येतात तेव्हा वलयं पडतात. गुरुत्वाकर्षणात प्रत्येक नवं वलय ऊर्जेचे दोन जादा घात घेऊन येतं, आणि दर पायरीला आधी न भेटलेला, नव्या जातीचा अनंत समोर उभा राहतो. म्हणजे दर वेळी नवं भांडं आणि नवा धडा. प्रत्येक धड्यासाठी एक स्थिरांक प्रयोगातून आणावा लागणार, आणि अशा स्थिरांकांना अंत नाही. जो सिद्धांत भाकीत करण्याआधी अगणित मोजमापं मागतो तो सिद्धांत काय कामाचा?

तरीही माणसं या वाटेनं गेली. ब्राइस डीविटनं हार्वर्डमध्ये श्विंगरच्या हाताखाली रोझेनफेल्डचा जुना हिशेब नव्यानं केला, आणि डॉक्टरेटनंतर फुलब्राइट शिष्यवृत्तीवर तो १९५१-५२ साली मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आला. संस्था तेव्हा कुलाब्याच्या नौदल नगरात गेली नव्हती. गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत तिचा मुक्काम होता. गुरुत्वाकर्षणाचं क्वांटम गणित हा तेव्हा करिअर बुडवणारा विषय समजला जाई. १९६२ च्या उन्हाळ्यात पोलंडमध्ये वॉर्सोजवळ भरलेल्या परिषदेत फाइनमननं एका वलयाचा हिशेब सांगितला. शक्यतांची बेरीज एक येईना, म्हणून त्याला एक काल्पनिक कण आणून तो वजा करावा लागला. तिथून पत्नीला लिहिलेल्या पत्रात त्यानं परिषदेवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. प्रयोग नाहीत म्हणून हा विषय मंद चालतो आणि चांगली माणसं इकडं फिरकत नाहीत, असा त्याचा रोख होता. काल्पनिक कणांची ही युक्ती कितीही वलयांपर्यंत नेण्याचं काम डीविटनं १९६७ पर्यंत पुरं केलं.

दरम्यान दुसऱ्याच अंगणात एक घटना घडली आणि तिनं सगळ्यांना धीर दिला. किरणोत्सारी क्षयाचा फर्मीचा १९३४ चा सिद्धांत याच रोगानं आजारी होता. त्याच्याही स्थिरांकाला एकक होतं, आणि ऊर्जा काहीशे गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टवर गेली की शक्यता शंभर टक्क्यांच्या वर जाऊ लागे. उपाय नवे कण आणून निघाला. ग्लॅशो, वाइनबर्ग आणि सलाम यांनी जड वाहक कण सुचवले, १९७१ मध्ये गेरार्ड ट होफ्ट या डच विद्यार्थ्यानं असा सिद्धांत दोनचार धड्यांत आटोपतो हे सिद्ध केलं, आणि १९८३ मध्ये जिनिव्हाच्या सर्नमध्ये ते कण सापडलेही. म्हणजे अनंत ही सूचना असते, की या ऊर्जेला काहीतरी राहून गेलंय.

ट होफ्ट आणि त्याचे गुरू मार्टिनस व्हेल्टमन मग गुरुत्वाकर्षणाकडे वळले. असलं बीजगणित करून घेण्यासाठी व्हेल्टमननं १९६३ मध्येच ‘स्खोनस्खिप’ नावाची संगणक-आज्ञावली लिहिली होती. १९७४ मध्ये त्यांचा निकाल आला. नुसतं गुरुत्वाकर्षण असेल तर पहिल्या वलयात अनंत उरत नाही. जो येतो तो आइन्स्टाइनच्याच समीकरणामुळे आणि भूमितीतल्या एका सुदैवी नियमामुळे पुसला जातो. पण त्यात साधा एखादा द्रव्यकण घातला की अनंत उभा राहतो, गुणक २०३ छेद ८०. स्टॅन्ली डेझर आणि पीटर फान न्यूवेनहाउझेन यांनी प्रकाश घालून पाहिला, तेव्हा १३७ छेद ६० आलं. १३७ हा भौतिकशास्त्रात भुताटकीचा आकडा मानतात, तो इथं निव्वळ योगायोगानं आला होता.

उरला प्रश्न शुद्ध गुरुत्वाकर्षणाच्या दुसऱ्या वलयाचा. तिथं सुदैवी नियम मदतीला येत नव्हता, पण गुणक शून्य असू शकत होता. तो काढायला कुणी धजेना. त्यापेक्षा आकर्षक वाट १९७६ मध्ये उघडली. फ्रीडमन, फेरारा आणि फान न्यूवेनहाउझेन यांनी ग्रॅव्हिटॉनला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या वाहक कणाला, एक जोडीदार दिला. या अतिगुरुत्वात, म्हणजे सुपरग्रॅव्हिटीत, एका जातीच्या कणांचा अनंत दुसऱ्या जातीचे कण खोडतात. पहिलं वलय सुटलं, दुसरं सुटलं. अशा आठ जोड्यांची सर्वांत सममित आवृत्ती पॅरिसच्या क्रेमर आणि ज्युलिया यांनी उभी केली. १९८० मध्ये केंब्रिजला पदग्रहणाच्या व्याख्यानात स्टीफन हॉकिंगनं विचारलं, की सैद्धांतिक भौतिकशास्त्राचा शेवट दृष्टिपथात आला आहे का? त्याचा पसंतीचा उमेदवार हीच आवृत्ती होती. पण तिसऱ्या किंवा त्यापुढच्या एखाद्या वलयात अनंत येईलच, असं बहुतेकांचं मत झालं. पुरावा कुणाकडेच नव्हता, हिशेब आवाक्याबाहेर होता. तरी विश्वास उडाला. शास्त्रातही वारं फिरलं की माणसं घर बदलतात.

वारं फिरलं ते तंतू सिद्धांताकडे, म्हणजे स्ट्रिंग थिअरीकडे. तंतू मुळात अणुगर्भातल्या बलांसाठी आले होते आणि त्यांत एक नको असलेला, वस्तुमानशून्य कण सारखा डोकावत होता. १९७४ मध्ये जोएल शेर्क आणि जॉन श्वार्ट्झ यांनी, आणि स्वतंत्रपणे जपानच्या तामिआकी योनेयानं, तो ग्रॅव्हिटॉनच असल्याचं म्हटलं. फार कुणी लक्ष दिलं नाही. शेर्क १९८० मध्ये चौतिशी गाठण्याआधीच गेला. १९८४ च्या उन्हाळ्यात कोलोराडोतल्या ॲस्पेनला मायकेल ग्रीन आणि श्वार्ट्झ यांनी दाखवलं, की सिद्धांत आतून विसंगत न होण्यासाठी त्याच्या सममितीत बरोबर ४९६ घटक लागतात, आणि असं घडू शकतं. वर्षभरात शेकडो लोक तंतूंवर काम करू लागले.

गोरॉफ-सान्योत्तींचा अपूर्णांक नेमका या गर्दीत छापला गेला. बिचाऱ्यांना टाळ्या कमी मिळाल्या. आइन्स्टाइनचा सिद्धांत दुसऱ्या वलयात मोडतो, हे आता शंभर टक्के ठरलं, पण तोवर ते सर्वांनी गृहीतच धरलं होतं. १९९२ मध्ये आंटन फान द फेननं वेगळ्या मार्गानं तोच आकडा काढला.

तंतूंत अनंत येत नाही याचं कारण सुंदर आहे. ‘बिंदूऐवजी लांबट तंतू असतो म्हणून’ हे नेहमीचं उत्तर अपुरं आहे. बंद तंतू एक वलय घेतो तेव्हा त्याची वाट बांगडीसारख्या पृष्ठभागाची होते. या पृष्ठभागाचे सगळे आकार बेरजेत घ्यायचे असतात. पण एका बाजूनं अत्यंत बारीक दिसणारी बांगडी दुसऱ्या बाजूनं पाहिली तर जाडजूड बांगडीच असते, म्हणून दोन्ही मोजल्या तर एकच गोष्ट दोनदा मोजल्यासारखं होतं. ही दुहेरी मोजणी काढली की ज्या कोपऱ्यात उच्च ऊर्जेचा अनंत दबा धरून असतो तो कोपराच हिशेबातून जातो. कात्री बाहेरून कुणी लावलेली नसते. उरतात ते अल्प ऊर्जेचे, समजण्याजोगे अनंत. तेही नीट हाताळण्याची पद्धत अलाहाबादच्या हरीश-चंद्र संशोधन संस्थेत असताना अशोक सेन यांनी घालून दिली. अर्थात ही खात्री वलयागणिक आहे. सगळ्या वलयांची मिळून बेरीज मात्र सांत होत नाही, हे डेव्हिड ग्रॉस आणि विपुल पेरिवाल यांनी १९८८ मध्ये एका साध्या तंतूबाबत दाखवलं. आणि किंमत भरघोस आहे: दहा मिती, आणि त्यातल्या सहा गुंडाळण्याच्या इतक्या तऱ्हा, की आपलं विश्व त्यातलं कोणतं ते सांगता येत नाही.

धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जन्मलेल्या अभय अष्टेकर यांनी उलट्या टोकानं सुरुवात केली. त्यांचं म्हणणं असं, की सपाट, गुळगुळीत अवकाश आधी गृहीत धरायचा आणि त्यावर गुरुत्वाकर्षणाची कंपनं मांडायची, हीच मूळ चूक आहे. अनंत हे त्या गृहीताचं फळ आहे. १९८६ मध्ये त्यांनी आइन्स्टाइनची समीकरणं नव्या चलांत लिहिली, आणि ती अणुगर्भातल्या बलांच्या समीकरणांसारखी दिसू लागली. त्यावर कार्लो रोव्हेली आणि ली स्मोलिन यांनी लूप क्वांटम ग्रॅव्हिटी उभारली. १९९५ मध्ये त्यातून निघालं, की क्षेत्रफळाला किमान तुकडा असतो. त्याखाली आखूड तरंगलांबीच नाही, मग तिचा अनंत कुठून येणार? ब्रॉन्स्टाइनला हे आवडलं असतं. पण टीकाकारांनी वर्मावर बोट ठेवलं: या सिद्धांताची गतिसमीकरणं अनेक प्रकारे लिहिता येतात, आणि त्यातला प्रकार निवडताना अगणित स्थिरांकांचा जुना घोळ मागच्या दारानं परत येतो की काय? शिवाय त्या तुकड्यांतून आपला गुळगुळीत अवकाश आणि न्यूटनचा नियम पुन्हा मिळवून दाखवणं हे काम अजून पुरं झालेलं नाही.

पुण्याच्या आयुकात ताणू पद्मनाभन तिसऱ्याच दिशेनं किमान लांबीच्या कल्पनेपाशी पोचले. १९९७ मध्ये त्यांनी एक अट घातली: एखाद्या वाटेची लांबी आणि प्लांक लांबीच्या वर्गाला तिनं भागून येणारी लांबी, या दोन्हींचं वजन हिशेबात सारखंच धरायचं. तेवढ्या एका अटीनं दोन बिंदूंमधलं अंतर प्लांक लांबीच्या खाली उतरेनासं होतं आणि अनंत विरून जातात. तंतूंच्या बांगडीशी याचं नातं उघड आहे.

स्टीव्हन वाइनबर्गनं १९७० च्या दशकातच चौथी शक्यता सांगितली होती: ऊर्जा वाढत गेली की सगळे स्थिरांक एका ठरावीक बिंदूवर स्थिरावत असतील, तर अगणित स्थिरांकांपैकी मोजकेच स्वतंत्र उरतील. १९९८ पासून मार्टिन रॉयटरनं त्याचे भक्कम संकेत गोळा केले, आणि २०१६ मध्ये एका गटानं दाखवलं, की गोरॉफ-सान्योत्तींचं पदही या चौकटीत सुखरूप बसतं. सिद्धता नाही, कारण हिशेब दर वेळी कुठंतरी तोडावा लागतो.

आणि मग २०१५ मध्ये त्या अपूर्णांकाचाच निकाल लागला. झ्वी बर्न आणि सहकाऱ्यांनी दोन वलयांचा हिशेब आधुनिक पद्धतीनं पुन्हा केला. एखादं क्षेत्र गणितात लिहिण्याच्या दोन तऱ्हा असतात. भौतिकदृष्ट्या त्या एकच, पण तऱ्हा बदलली की अनंताचा गुणक बदलतो. २०९ छेद २८८० ला निसर्गात अर्थ नाही! अर्थ आहे तो ऊर्जेची पट्टी बदलताना उत्तर किती बदलतं याला. तो आकडा तऱ्हेवर अवलंबून नाही आणि अगदी साधा निघतो: अतिगुरुत्वात एकमेकांचा अनंत खोडणाऱ्या त्या दोन जातींच्या कणांच्या अवस्थांची वजाबाकी, भागिले आठ.

म्हणून माझं मत असं बनलं आहे, की ‘गुरुत्वाकर्षणाचा क्वांटम सिद्धांत अनंत टाळतो का’ हा प्रश्न इतकी वर्षं थोडा चुकीच्या जागी विचारला गेला. अनंत टाळता येतो, आणि एकापेक्षा जास्त वाटांनी. टळत नाही ते अज्ञान: दहा मितींतली निवड म्हणा, समीकरणांच्या तऱ्हा म्हणा, की अगणित धडे म्हणा. कमी ऊर्जेला तर अनंतानं फारसं काही बिघडतही नाही. १९९४ मध्ये जॉन डॉनह्यूनं दाखवलं, की जुन्या, मोडक्या म्हटलेल्या सिद्धांतातूनही न्यूटनच्या नियमातली क्वांटम दुरुस्ती निःसंदिग्ध काढता येते. ती इतकी सूक्ष्म आहे की कुणी मोजू शकणार नाही. सर्नचं यंत्र १३.६ टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत जातं. प्लांक ऊर्जा त्याच्या जवळपास एकावर पंधरा शून्यं इतक्या पट आहे.

टाकून दिलेली सुपरग्रॅव्हिटी दरम्यान परत आली. बर्नच्या गटानं आठ जोड्यांच्या आवृत्तीचं तिसरं वलय २००७ मध्ये आणि चौथं २००९ मध्ये सोडवलं. ज्या अनंताच्या भीतीनं लोक पळाले होते तो चार मितींत कुठंच नव्हता. पाचव्या वलयावर लंडनच्या केली स्टेल यांनी बर्नशी वाइनच्या बाटलीची पैज लावली. सिद्धांताची ताकद तपासायला मितींची संख्या कागदावर वाढवत नेतात आणि अनंत पहिल्यांदा कुठं उगवतो ते पाहतात. स्टेल म्हणाले, २४ छेद ५ मितींत उगवेल. २०१८ मध्ये तो तिथंच उगवला आणि स्टेल जिंकले. चार मितींत मात्र पाचवं वलयही सांत आहे. ज्ञात सममिती पहिल्यांदा अनंताला वाट मोकळी करतात ती सातव्या वलयात. तिथला हिशेब अजून कुणी केलेला नाही, आणि त्यावर डेव्हिड ग्रॉसनं बर्नशी लावलेली दुसरी पैज निकालाविना पडून आहे.